दोन पाटांचं पोरगं

बकारामच्या घरी पोरींच्या रांगेमागून एकदाचा नातू झाला, आणि तो रडायच्या ऐवजी घुरघुरला. साधंसुधं नाही. श्वास आत घेताना घुर्र, सोडताना खर्र, जसं कोणी ओल्या लाकडावर करवत ओढून राहिलं आहे. सालेकशाच्या जंगलाला लागून गाव. शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी गोठ्याची दारं लावून घेतली. मग कळलं की वाघ नाही, बकारामचा नातू आहे. बकारामच्या मिशीला तेव्हा जो पीळ पडला तो कित्येक महिने सुटला नाही.

"बाकीचे लेकरं कुई कुई करतात," तो भेटेल त्याला सांगायचा. "आमचा बिसराम बोलतो."

पोरगं झोपायचं तेही मान पार मागे टाकून. टाळू पाठीला लागते की काय असं वाटायचं. बकारामनं त्याचाही अर्थ लावला.

"पाहा ना, आतापासूनच खाली पाहत नाही. पाटील होईन हा!"

धुरपता, म्हणजे पोराची आई, तिला मात्र यात पाटील दिसत नव्हता. ती पाजायला घ्यायची, पोरगं थोडं ओढायचं, ठसकायचं, दूध नाकातून यायचं आणि ओठ जांभळाच्या रंगाचे व्हायचे. शेजारच्या बायांनी पाहिलं आणि 'डब्बा', म्हणजे लेकराची छाती भरते तो रोग, म्हणून निदान केलं. विळा तापवला, पोटावर डाग दिले. पोरगं आणखी जोरात घुरघुरलं. बाया म्हणाल्या, गुण येऊन राहिला.

पोराचा बाप दुधराम, बकारामचा एकुलता एक. त्याला धुरपता म्हणाली, "गोंदियाले नेऊ याले."

"बा म्हनन तसं," दुधराम म्हणाला.

बा हो म्हणाला. वाघाचा गळा एकदा डॉक्टरनं तपासला की गावात आणखी वजन वाढेल, असा त्याचा हिशेब होता. सगळे पॅसेंजरनं गोंदियाला गेले.

नागपूर राजधानी होतं तेव्हाची ही गोष्ट. गोंदियात डॉक्टर केशोराव म्हणून एक होते. नागपुरात शिकत असताना त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपण एक तरी दुर्मीळ रोग धरायचा. परदेशातून बोटीनं येणारी मासिकं ते जेवताना वाचायचे, आणि त्यातल्या रोग्यांचा त्यांना हेवा वाटायचा. गोंदियानं त्यांना काय दिलं? मलेरिया दिला, खरूज दिली, जंत दिले आणि बिडीवाल्यांचा खोकला दिला. इतकी वर्षं झाली, या मुलखात देवानं एकही माणूस मन लावून आजारी पाडला नाही, अशी त्यांची तक्रार होती. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेलं एक एक्स-रे मशीन त्यांनी आणून ठेवलं होतं. त्यात आजवर मोडलेल्या हातांशिवाय काही आलं नव्हतं.

बिसरामला त्यांनी आधी दमा ठरवला. औषध दिलं. मग छातीत कफ ठरवला. औषध बदललं. तिसऱ्या खेपेला त्यांना वाटलं चिंचोका अडकला असेल, म्हणून पोराला पायाला धरून उलटं केलं आणि पाठीत थापट्या मारल्या. चिंचोका पडला नाही. दूध पडलं, डॉक्टरांच्या बुटावर.

"चौथ्यांदा काय करता, साहेब?" धुरपतानं विचारलं. तिच्या हातावरून पोराचं डोकं मागे लोंबत होतं.

"आधी लेकरू नीट धर," डॉक्टर खेकसले. "असं धरतात का? मान मोडेल ना त्याची." आणि त्यांनी स्वतःच पोराचं डोकं उचलून हनुवटी छातीला टेकवली.

घुरघुर बंद झाली. पोरगं निळं पडलं.

डॉक्टर दचकले. हात सोडला. डोकं मागे गेलं, घुर्र सुरू झालं, पोरगं पुन्हा गुलाबी.

केशोरावांनी आपला चष्मा पुसला. खात्री करायला पुन्हा मान वाकवली. निळं. सोडली. गुलाबी. तिसऱ्यांदा वाकवली ती नुसत्या आनंदानं. तेव्हा धुरपतानं त्यांचा हात धरला.

"पुरे ना, साहेब."

"अगं बाई, तुला कळतंय का? हे पुस्तकात आहे!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "भैय्यालाल! मशीन लाव! आणि मिलवाल्याला जाऊन सांग!"

भैय्यालाल कंपाउंडर. मिलवाल्याला सांगायचं म्हणजे असं होतं की समोरची राइस मिल चालू असली की डॉक्टरांच्या मशीनला वीज पुरत नसे, फोटोत नुसता पांढरा ढग यायचा. भैय्यालाल धावत गेला आणि धावत परत आला.

"सेठ बोलते हैं, मिल रोकेंगे, मगर उनका भी फोटो निकालो."

"त्यांना काय झालं?"

"कुछ नहीं हुआ. बोले, सामने दुकान है, आजतक एक फोटो नहीं दिया."

शेठचा फोटो काढायचं कबूल झालं आणि मिल थांबली. पोराला बेरियमचं पांढरं पाणी पाजायचं होतं. पाणी पोटात उतरताना अन्ननळी कुठे दबते ते फोटोत दिसतं. पहिला घोट बिसरामनं डॉक्टरांच्या चष्म्यावर उडवला. दुसरा भैय्यालालच्या तोंडात. तिसरा मात्र गेला आणि मशीननं टिपला. एक समोरून, एक कुशीवरून.

प्लेट धुऊन उजेडात धरली, तेव्हा केशोराव अंघोळ केल्यासारखे पांढरेशुभ्र उभे होते आणि हसत होते. फोटोत अन्ननळी उजवीकडून दाबलेली, डावीकडून दाबलेली, मागून दाबलेली.

"बाबा, ऐका," ते बकारामला म्हणाले. "हृदयातून एक मोठी नस निघते. कमानीसारखी वळते आणि खाली जाते. तुम्हाला एक कमान, मला एक. याला दोन आहेत. एक डावीकडून गेली, एक उजवीकडून, आणि मागे जाऊन एकमेकींना भेटल्या. झालं कडं. त्या कड्यात श्वासनळी सापडली, अन्ननळी सापडली."

बकारामनं प्लेट उलटी धरून पाहिली. "नाही समजलं."

खेड्यातल्या माणसाला शेतातलं उदाहरण द्यावं, असं डॉक्टरांना कॉलेजात कोणीतरी शिकवलं होतं. त्या मास्तराचं काय व्हायचं ते होवो.

"तुमच्या गावात बोडी आहे ना? धानाला पाणी देता ते तळं?"

"आहे ना."

"तिला पाट किती?"

बकारामचा चेहरा पडला. "एक. सारा तिथंच तर तंटा आहे, साहेब."

"बस्स. सगळ्यांच्या छातीतल्या बोडीला एकच पाट असतो. तुमच्या नातवाला दोन आहेत."

बकाराम हळूच खुर्चीवरून उठला.

"दोन पाट?"

"दोन."

"एकाच बोडीले?"

"एकाच बोडीला! लाखात असं एखादं लेकरू. डॉक्टरांचे जन्म जातात, पाहायला मिळत नाही."

बकारामनं हात जोडले, आधी प्लेटला आणि मग नातवाला. कारण तंटा असा होता. बोडी दोघा चुलतभावांची, बकारामची आणि थोरल्या उदारामची. पाट एकच, आणि तो उदारामच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, यायचा. बकारामला स्वतःचा दुसरा पाट पाहिजे होता. पंच दरवर्षी सांगायचे की एका बोडीला एकच पाट, ही वाडवडलांची रीत. आणि आता देवानं खुद्द बकारामच्या घरात, त्याच्या नातवाच्या छातीत निकाल देऊन टाकला होता.

बकाराम आणि डॉक्टर दोघंही त्या पोराकडे इतक्या प्रेमानं पाहत होते की तिथं काही बिघडलं आहे हे फक्त धुरपताच्या लक्षात राहिलं.

"मंग साहेब, याचा श्वास कधी मोकळा होईन?"

"हां, ते," डॉक्टर भानावर आले. "ते होतं ना. मुंबईला एक सर्जन आहेत. एक कमान कापून दोन्ही तोंडं बांधून टाकतात. पोरगं मोकळं. तोवर पातळ पेज द्यायची, आणि मान खाली वाकवायची नाही. अजिबात नाही. वाकवली तर श्वास बंद."

"कापून?" बकाराम म्हणाला. "म्हनजे पाट बुजवाचा?"

"तसंच म्हणा."

"कोनी आपला पाट बुजवते का, साहेब? लोकाईले एक नाही भेटत!"

"बाबा, त्या दुसऱ्यानंच तर..."

"नाही, नाही. तुमी शहरातले. तुमाले पान्याची किंमत नाही मालूम."

डॉक्टरांनी फार वाद घातला नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही घाई नव्हती. मुंबईवाल्यानं कमान कापली की मुंबईवाल्याचं नाव होणार. आधी नागपूरचे मोठे डॉक्टर येऊन पाहून गेले पाहिजेत, मग मासिकात लेख, मग काय कापायचं ते कापा. "पंधरा-वीस दिवस थांबू," ते म्हणाले. थांबू म्हटल्यावर बकारामला हा डॉक्टर एकदम शहाणा वाटला.

नागपूरचे डॉक्टर आले. एक टकला, एक जाडा आणि एक इंग्रजीतच खोकणारा. बिसरामला पुन्हा गोंदियाला बोलावलं. टकल्यानं मान वाकवून पाहिली. जाड्यानं पाहिली. तिसऱ्यानं पाहिली आणि म्हणाला, मला नीट दिसलं नाही, उजेडात घ्या. धुरपतानं पोरगं पदरात गुंडाळलं आणि पाठ करून उभी राहिली.

"ही कोण?" जाड्यानं विचारलं.

"रोग्याची आई," केशोराव ओशाळून म्हणाले. "जरा अडाणी आहे."

परतीच्या गाडीत ती सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सावरत बोलली. एरवी ती त्याच्यासमोर बोलत नसे.

"मामाजी, तुमच्या पाया पडते. मुंबईले नेऊ याले. एक बुजवू द्या. एकावर सारं जग जगून राहिलं."

"जग जगून राहिलं म्हनून तर उदारामची मिजास आहे," बकाराम म्हणाला. "सूनबाई, हा पोट्टा तुह्या पोटून आला, पन आला कायच्यासाठी ते तुले नाही कळत."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दुधराम खिडकीबाहेर तेंदूची झाडं पाहत होता.

दिवाळी झाली, गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. मंडईला पावणेरावळे येतात, पंच मोकळे असतात, आणि दंडार, म्हणजे नाचगाण्याचा खेळ, सुरू व्हायच्या आधी लोकांना करमणूक पाहिजे असते. बकारामनं तोच मुहूर्त धरला. पंच बसले होते तिथं तो नातवाला घेऊन गेला, आणि डॉक्टरांकडून मागून आणलेली एक्स-रेची प्लेट उन्हात धरून सांगायला लागला की देवाच्या घरी एका बोडीला दोन पाट चालतात, तर आमच्या गावाला काय रोग झाला?

पंचांनी प्लेट फिरवून फिरवून पाहिली. एकजण म्हणाला, "हा त मासा दिसून राहिला."

उदाराम उठला. अंगानं आडवा, आवाजानं उभा, आणि आशीर्वाद द्यायला लागला की थांबत नाही म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध. लग्नात त्याला अक्षता आधी द्यायचे, नाहीतर मुहूर्त टळायचा.

"बकाऱ्या, फोटो त कोनाचाबी आनशील. दोन पाट आहेत कायवरून?"

"आवाज नाही येऊन राहिला का तुले? दोन पाटाचं पानी आहे ते."

"तो त घोरते! माही बुढीबी घोरते. तिले किती पाट आहेत?"

लोक हसले. बकारामची मिशी थरथरली. "भाऊ, डॉक्टरांनी पारख सांगतली आहे. मान खाली केली की आवाज बंद. वर केली की सुरू. आपल्या पाटाची फळी टाकली की पानी बंद होते ना, तसं."

"मंग टाक ना फळी. पाहू दे पंचाले."

बायकांच्या घोळक्यातून धुरपता ओरडली, "मामाजी, मान नोको! डॉक्टरसाब काय म्हनले!"

मुख्य पंचानं कपाळाला आठ्या घातल्या. "पंचात बाया कवापासून बोलू लागल्या? दुधराम, तुही बायको ना ही?"

दुधराम उठला, बायकोकडे गेला आणि हळूच म्हणाला, "गप ना व. लोकं पाहून राहिले." आणि तिनं पुढे पाऊल टाकलं तेव्हा त्यानं तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं काही घट्ट धरलं होतं.

उदारामला एक युक्ती सुचली. त्याला पंचांसमोर मोठेपणाही पाहिजे होता. "असं कर, बकाऱ्या. मी घरचा थोरला. पोट्ट्याले माह्या पायावर घाल. मान आपोआप खाली होईन. आवाज बंद झाला त देवाची शपथ, दुसरा पाट माह्या बांधीतून देतो."

सभा वाहवा म्हणाली. बकारामनं नातवाचं कपाळ उदारामच्या अंगठ्यांवर टेकवलं आणि मागून डोकं हातानं धरलं. पाया पडताना लेकरू हललं तर अपशकुन, म्हणून चांगलं धरलं.

घुरघुर बंद झाली.

"बंद!" पंच म्हणाले.

"बंद!" लोक म्हणाले.

उदारामनं दोन्ही हात पोराच्या पाठीवर ठेवले आणि आशीर्वाद सुरू केला. कुलदेवतेपासून धरला. मग आजा, पणजा, बोडी खोदणारा खापरपणजा. मग बकारामला पाट देतो म्हणजे आपण किती मोठ्या मनाचे, तेही आशीर्वादात घातलं. मग पावसानं नीट यावं, धानाला करपा लागू नये, बैलांना खुरी होऊ नये. आशीर्वाद मध्येच तोडणं पाप, म्हणून बकारामनं हात काढला नाही. धुरपता ओरडत होती, पण आशीर्वादाच्या वेळी बाया रडतातच.

"...आन औक्षवंत हो," उदाराम शेवटी म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बकारामनं नातवाला उचललं, मान मागे टाकली आणि आवाज सुरू व्हायची वाट पाहिली. पंचही कान देऊन बसले. दंडारवाल्यानं तेवढ्यात ढोलकी लावायला घेतली होती, त्याला कोणीतरी दाबलं, "अबे थांब, आवाज ऐकू दे."

आवाज आला नाही.

पोरगं लहान, म्हणून जाळलं नाही. नाल्याच्या काठी पुरलं. दुसऱ्या पाटाची आखणी मात्र ठरल्याप्रमाणे सुरू झाली, कारण शपथ पंचांसमोर घेतली होती. बकाराम खुंट्या ठोकताना रडायचा आणि रडताना खुंटी वाकडी गेली की मजुरावर ओरडायचा. मग उदारामला शंका यायला लागली. जमीन जाऊन राहिली म्हटल्यावर कोणालाही येते. मान दाबली तर कोणाचंही लेकरू गप होईल, त्यात पाटाचा काय पुरावा? आणि प्लेट म्हणावी तर मंडईच्या गर्दीत कोणाच्या पायाखाली आली होती.

नेमके तेव्हा केशोराव सालेकशाला उतरून बैलबंडीनं गावात आले. मांडीवर औषधाच्या पाण्यानं भरलेली एक रुंद तोंडाची बरणी होती. बातमी ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. लेख अर्धा झाला होता.

"छाती उघडून पाहिल्याशिवाय मासिकवाले छापत नाहीत," त्यांनी बकारामला समजावलं. "फक्त एवढासा भाग लागेल. बरणीत मावेल एवढा."

"दोन निघाले त तुमी लिहून द्यान?" बकारामनं विचारलं.

"छापूनच देतो!"

"एक निघाला त?" उदारामनं विचारलं.

"एक निघूच शकत नाही!"

"मंग काढून पाहू," दोघं भाऊ एकदम म्हणाले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

नाल्याच्या काठी गेले तर धुरपता मातीवर बसली होती. त्यांना पाहून ती उठली नाही.

"सूनबाई, सरक," बकाराम म्हणाला. "डॉक्टरसाब पाहून घेतील. मंग पुन्हा नीट निजवू त्याले."

"विज्ञानाचं काम आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या लेकरांना उपयोग होईल."

धुरपता डॉक्टरांच्या बरणीकडे पाहत राहिली. मग सासऱ्याकडे वळली. "तुमी खांदता? खांदा. तुमच्या हातानं. मी सरकते." आणि ती खरंच बाजूला झाली.

बकारामनं कुदळ उचलली. खांद्यापर्यंत नेली. तिथंच धरून उभा राहिला. हात खाली येईना. उदारामनं घसा साफ केला, पण पुढे आला नाही. खणायला सोबत आणलेले मजूर तर आधीच मागच्या मागे निघून गेले होते.

"आणा इकडे," केशोराव वैतागले. "गाडी चुकेल माझी." त्यांनी कोट काढला, बरणी बाजूला ठेवली, बाह्या सारल्या. जन्मात त्यांनी कुदळ धरली नव्हती, पण शरीरशास्त्र पक्कं होतं. जोरात घाव घातला. पहिला मातीत बसला. दुसरा त्यांच्या स्वतःच्या बुटात.

मग पोराला पुरल्या दिवशी झाली नव्हती एवढी बोंब नाल्याच्या काठी झाली. बूट काढला तर आत अंगठा वेगळा आणि डॉक्टर वेगळे. कोणी हळद आणायला धावलं, कोणी धोतर फाडलं. बरणी लवंडली आणि औषधाचं पाणी नाल्यात गेलं. केशोरावांना आणणारी बंडी कधीच परतली होती, म्हणून गावातल्या बंडीत घालायचं ठरलं, तर बैल कोणाचे जुंपायचे यावरून बकाराम आणि उदारामचं तिथंच जुंपलं. शेवटी एक याचा, एक त्याचा असा जुंपला. बैलांना एकमेकांची सवय नव्हती. बंडी दोन्हीकडे ओढत, डॉक्टरांना हेलकावे देत, स्टेशनाकडे गेली आणि मागून अख्खं गाव गेलं.

धुरपता राहिली. तिनं उकरलेली माती हातानं ओढून सारखी केली, वर काट्याच्या बोराट्या टाकल्या. कोल्ही येतात, माणसं येतात. मग नाल्यातले दगड आणून रचायला लागली.

दुधराम थोडा वेळ लांब उभा होता. मग जवळ आला.

"तो मोठा दगड पाहा," ती म्हणाली. "माह्यानं नाही उचलत. या इकडून."

त्यानं दगडाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, जिथं बंडीची धूळ अजून खाली बसली नव्हती.

"बाले विचारून येऊ का?" तो म्हणाला. "पुन्हा काढा लागलं त जड जाईन."

आणि तो विचारायला गेला. धुरपतानं तो दगड एकटीनंच लोटत लोटत आणला.